तिकडे असंच शिकवतात

"आधी हात टेकवायचा, बेटा," असं म्हणत ताई उजव्या हाताची करंगळी पेशंटच्या गालावर टेकवायच्या आणि मगच कानात बघायचं यंत्र कानाजवळ न्यायच्या. पेशंट दचकला, शिंकला, मान वळवली, तरी हात त्याच्या डोक्याबरोबरच हलतो आणि कानाच्या पडद्याला धक्का लागत नाही. आमच्या धंद्यात हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण ताईंच्या करंगळीला ती सवय इतकी जडली होती की चहा गाळताना ती ओट्यावर टेकायची, कुलूप लावताना दारावर. सही करतानासुद्धा टेबलावर आधी करंगळी, मग पेन. सुईत दोरा ओवताना तर विचारूच नका.

त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही सगळे ताईच म्हणायचो. आयर्लंडमधल्या ड्रोहेडामध्ये एका औषधाच्या दुकानाच्या वर कान तपासायचं एक छोटं क्लिनिक होतं, तिथे आम्ही एकत्र होतो. तिथे आम्ही दोघीच मराठी. ताई मूळच्या नागपूरच्या, तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेल्या. मी तिशीतली, मुंबईची. रिसेप्शनवर ऑर्ला नावाची तिथलीच मुलगी, जी आम्हा दोघींचं मराठी ऐकून ऐकून "चला चला" म्हणायला शिकली होती.

कागदावर ताई माझ्या हाताखाली होत्या. हे लिहितानाही मला कसंतरी होतं. त्यांनी सव्वीस वर्षं कान तपासले होते आणि मी सात. पण मी मुंबईतली पदवी घेऊन इथे आले, दोन वर्षांचं इथलं मास्टर्स केलं, त्यामुळे माझ्या दारावर 'ऑडिओलॉजिस्ट' अशी पाटी. ताईंच्या दारावर काहीच नाही, कारण त्यांना दारच नव्हतं. त्या असिस्टंट. मागच्या खोलीत, कानाच्या साच्यांच्या आणि बॅटऱ्यांच्या कपाटाशेजारी त्यांची खुर्ची.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या अनुभवी बाईला असिस्टंट कसं ठेवलं? तर ऐका. ताईंची मुंबईची पदवी कान आणि वाचा दोन्हींची मिळून. इथली मंडळी म्हणाली, यात कान अर्धाच शिकवलाय. मग नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी ताई जर्मनीत गेल्या. तिकडे कानाचं मशीन बसवणं हे हातकाम. सुतारकाम शिकावं तसं उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, शाळेत जायचं, मग परीक्षा. ताई तिशी ओलांडून अठरा-अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसल्या आणि पास झाल्या. इथली मंडळी म्हणाली, हे कारागिराचं प्रमाणपत्र, विद्यापीठाचं नाही. मधली काही वर्षं पोलंडमध्ये. तिकडे ऑडिओलॉजिस्ट म्हणजे डॉक्टर. एमबीबीएससारखं काही केलं नसेल तर तो शब्द स्वतःला लावायचा नाही.

"आणि नेदरलँड्सला गेले असते तर म्हणाले असते, आधी फिजिक्स शिकून या," ताई हसून सांगायच्या. "कान बाप्पा एकच. आत तीन हाडं, एक गोगलगाय. पण सीमा ओलांडली की तोच कान कधी डॉक्टरचा, कधी सुताराचा, कधी प्रोफेसरचा. मी मात्र सगळीकडे अर्धी."

हे 'अर्धी' त्या हसतच म्हणायच्या, म्हणून आम्हीही हसायचो.

दोन हजार वीसच्या ऑक्टोबरमध्ये मात्र एक वाट निघाली. ताईंची फाईल चार वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, तिला अखेर उत्तर आलं. सहा महिने देखरेखीखाली काम करायचं, प्रत्येक केस वहीत नोंदवायची, शेवटच्या पानावर देखरेख करणाऱ्याने लिहून द्यायचं की ही व्यक्ती स्वतंत्रपणे काम करायला योग्य आहे. एप्रिलअखेर वही पोचली पाहिजे. पोचली तर पूर्ण मान्यता. नाही तर फाईल बंद, नव्याने अर्ज. आणि देखरेख कोणाची? माझी.

त्या दिवशी ताईंनी घरून सांबारवडी करून आणली. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "घ्या सुपरव्हायझर मॅडम." मी म्हटलं, "ताई, लाज आणू नका हो." त्या म्हणाल्या, "लाज कसली? मरायच्या आधी एकदा दारावर पाटी लागली पाहिजे, बस्स. अगदी खिळ्याने ठोकलेली."

आता त्यांचं दुसरं वाक्य सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यातच आहे. ताईंची कामाची पद्धत आमच्यापेक्षा जरा वेगळी होती, आणि तसं कोणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "तिकडे असंच शिकवतात."

कोविडच्या दिवसांत पेशंटला आत बसू देत नव्हते. ते खाली गाडीत थांबायचे आणि आम्ही फोन करून वर बोलवायचो. ताई फोन करायच्याच नाहीत. रेनकोट चढवून जिना उतरायच्या, गाडीच्या काचेवर टकटक करायच्या आणि माणसाला घेऊन वर यायच्या. "जर्मनीत उस्ताद स्वतः दारापर्यंत जायचे. तिकडे असंच शिकवतात." आम्हाला केवढं कौतुक! कानाचं मशीन नीट चालतंय का हे आम्ही एक नळी कानाला लावून ऐकून बघतो. ताई ते मोजायच्या यंत्राच्या पेटीत टाकायच्या आणि पडद्यावरची रेघ बघायच्या. "कानाचा काय भरवसा, बेटा. तिकडे असंच शिकवतात." मला वाटलं, काय शिस्त आहे! समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत बोलायच्या. मी मनात म्हटलं, जुना अभ्यासक्रम, वाचा शिकलेल्या आहेत, ओठ बघायची सवय असणार. तिकडे असंच शिकवत असतील.

आणि ऑर्लाने काहीही सांगितलं की ताईंचं "ग्रँड, ग्रँड," म्हणजे आयरिश लोकांचं 'छान, चालेल'. एकदा ऑर्ला दारातून म्हणाली, प्रिंटरमधून धूर येतोय. ताई म्हणाल्या, "ग्रँड." आम्ही किती हसलो त्यावर. दोन दिवस तोच विनोद.

तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. तुम्ही कानाचे तज्ज्ञ नाही, म्हणून ओळखलंत. मी तज्ज्ञ. मला तीन वर्षं कळलं नाही.

खोटं कशाला बोलू, मास्क आल्यापासून ताई थकल्यासारख्या दिसत होत्या. दुपारी कपाळ दाबत बसायच्या. मी एखादी गोष्ट सांगितली की "काय म्हणालीस?" आणि पुन्हा सांगितली की मान डोलवायच्या, पण काम भलतंच करायच्या. मला वाटलं, वय, टेन्शन, वहीची काळजी. नागपूरला त्यांची आई एकटी, विमानं बंद. कोणाचं डोकं ठिकाणावर होतं तेव्हा?

मग फेब्रुवारीत तो शेतकरी आला.

गावाबाहेर गाई पाळणारे एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले, बोलायला गोड. जानेवारीत ताईंनी त्यांचे कान तपासले होते, मशीन बसवलं होतं, वहीत केस नोंदवली होती आणि मी सही केली होती. ते परत आले ते चिडून. बायकोचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट. मी फाईल उघडली. आम्ही दोन तपासण्या करतो. एकीत सूर ऐकवतो आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतो. दुसरीत शब्द ऐकवतो, ते पेशंटने म्हणून दाखवायचे आणि आम्ही बरोबर-चूक मांडायचं. आजोबांचा सुरांचा आलेख दरीसारखा खाली गेलेला. आणि शब्द? जवळजवळ सगळे बरोबर. असं होऊच शकत नाही. एवढा कान गेलेल्या माणसाला मशीनशिवाय इतके शब्द कळतील कसे?

मी पुन्हा शब्द घेतले. निम्मेसुद्धा आले नाहीत. ते एक म्हणायचे, शब्द दुसराच असायचा.

संध्याकाळी मी ताईंना विचारलं. त्या साचा घासत होत्या, करंगळी टेबलाला टेकलेली. वर न बघता म्हणाल्या, "त्यांचे उच्चार गावाकडचे आहेत. तुला कळत नाहीत, मला कळतात. तिकडे अक्षर अक्षर मोजत नाहीत, आख्खा शब्द धरतात."

एरवी मी मान डोलावली असती. पण माझी सही होती त्या पानावर. मी ती तपासणी मनात पुन्हा चालवून बघितली. आजोबा मशीन काढून आत बूथमध्ये, म्हणजे त्या आवाजबंद काचेच्या खोलीत बसतात, शब्द म्हणतात, बाहेर स्पीकरवर आवाज येतो, तो ऐकून आपण खूण करतो. म्हणजे तिथे दोन कान लागतात, एक त्यांचा आणि एक आपला.

रात्रभर झोप नाही. मनात म्हणत होते, नाही, असं नसेल. आणि दुसरं मन म्हणत होतं, फोन, नळी, ओठ, ग्रँड. अगं मूर्ख, फोन, नळी, ओठ, ग्रँड!

आमच्याकडे रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी बूथचं मशीन तपासतात. स्टाफपैकी कोणीतरी आत बसायचं, ज्याचा कान कसा आहे हे माहीत आहे असं. बाहेरच्याने सूर द्यायचे. तीन वर्षं आत मीच बसत होते. ताई म्हणायच्या, धाकट्याने आत बसायचं, तिकडे असंच शिकवतात. त्या सकाळी मी म्हटलं, "ताई, आज माझा कान सर्दीने भरलाय. तुम्ही बसा."

त्या थबकल्या. "ऑर्लाला बसव ना."

"ऑर्ला साडेनऊला येते."

"मग उद्या तपासू."

"रोज तपासायचं असतं. तुम्हीच तर म्हणता."

माझ्या आवाजात काहीतरी होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मास्ककडे, मग डोळ्यांकडे. आत जाऊन बसल्या, हेडफोन लावला, बटण हातात घेतलं. मी त्यांची खुर्ची वळवली, माझे हात दिसू नयेत म्हणून.

पहिला सूर. बटण दाबलं, बाहेर माझ्या टेबलावर दिवा लागला. ऐकू आलं की दहा डेसिबल खाली उतरायचं, नाही आलं की पाच वर चढायचं, हा आमचा पाढा. दिवा लागत गेला. बारीक, उंच पट्टीचे सूर दिले, तिथेही लागत गेला. किती हलकं वाटलं मला! स्वतःलाच शिव्या घातल्या, की सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईवर संशय घेतला.

आणि मग लक्षात आलं. दिवा फार नीट लागत होता. ठरल्या वेळाने, ठरल्या तालात. हा पाढा ताईंना माझ्यापेक्षा पाठ. कधी सूर येणार, कितवा ऐकू यायचा आणि कितवा सोडायचा, हे त्यांना न ऐकता ठाऊक. असं वाजवणं दुसऱ्या कुठल्या पेशंटला जमणार नाही.

मी हात कळीवरून काढला. सूर दिलाच नाही. नुसती वाट बघत बसले.

एक. दोन. तीन.

दिवा लागला.

मी तशीच बसून राहिले. सूर नव्हता. दिवा पुन्हा लागला. ताई पाठमोऱ्या, ताठ बसलेल्या, अंगठा बटणावर, आणि शांततेला हो, हो म्हणत होत्या. मला रडू फुटलं. मग राग आला. इतका राग मला कधीच आला नव्हता.

दार उघडून मी आत गेले, मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "ताई, शेवटचे दोन मी दिलेच नव्हते."

त्यांनी हेडफोन काढला. बटण हातात एकदा फिरवलं. मग म्हणाल्या, "किती वर्षांनी कोणीतरी माझा कान तपासला बघ."

पोलंडमध्ये असतानाच सुरू झालं होतं. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग माणसांच्या बोलण्यातले स, फ, थ. ओठ वाचून भागत होतं. मास्क आले आणि सगळी भिंतच उभी राहिली.

"मग मशीन का नाही लावलं? कपाट भरलंय आपल्याकडे!" मी ओरडले. बूथमध्ये, जिथे कोणी कुजबुजतही नाही.

"दोन देशांचे कागद, आणि दोन्ही अर्धे धरले यांनी," ताई म्हणाल्या. "त्यात कानही अर्धे आहेत म्हटल्यावर कोणी वही उघडून बघितली असती? कोण म्हणालं असतं, या बाई, बसा?"

"पण मशीन लावून काम करणारे कितीतरी आहेत, ताई. कोणी काही म्हणत नाही."

"ज्यांच्या दारावर पाटी आहे त्यांना म्हणत नाही."

ते खरंच होतं. पण आजोबांचा चेहरा समोर येत होता. मी म्हटलं, "त्या आजोबांना तुमच्यामुळे महिनाभर बायकोचा आवाज कळला नाही. आधी मशीन लावा. आजोबांची तपासणी परत करा. माझ्या देखत. मग सही."

"आधी सही कर. मग लावते. शपथ."

"नाही."

"मी काम शिकवलंय तुला! हात कसा टेकवायचा ते मी शिकवलंय!"

"म्हणूनच नाही."

ताई उठल्या, बटण खुंटीला अडकवलं आणि मागच्या खोलीत निघून गेल्या. दाराचा आवाज एवढा झाला की नुकतीच आलेली ऑर्ला जिन्यातच थांबली.

त्यानंतर ताई आल्या नाहीत. एक दिवस, दोन दिवस, एक आठवडा, दुसरा. ऑर्लाकडे निरोप, बरं नाही. मी मेसेज केले, निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर नाही. नदीपलीकडे त्यांचं घर, चालत पंधरा मिनिटं, पण त्या दिवसांत दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायची बंदी. एकदा जाऊन मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. खिडकीत दिवा होता. बेल वाजवायला हात उचलला आणि मनात आलं, ती तरी ऐकू येईल का? तशीच परत आले.

वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी ती रोज उघडायचे. मोत्यासारखं अक्षर, प्रत्येक केस, प्रत्येक कान. शेवटचं पान कोरं. सही करून टाकावी असं दहादा वाटलं. कोण बघणार होतं? मलाही भीती होती, उगाच साळसूदपणा कशाला दाखवू. उद्या काही निघालं तर माझा कागदही जाणार. पण तेवढंच नव्हतं. सही केली असती तर मीही ताईंना बघून न बघितल्यासारखं केलं असतं. तसं करणारे तीन देशांत भरपूर होऊन गेले होते.

मार्च संपत आला. एका सोमवारी मी क्लिनिक उघडायला गेले तर जिन्याच्या पायरीवर ताई बसलेल्या. कायम कानांवर येणारे केस त्या दिवशी घट्ट मागे बांधलेले. मांडीवर सिलिकॉनचे दोन डबे. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण त्यांचे कान मी पहिल्यांदा नीट बघितले. लहान होते, एका पाळीला टोचून बुजलेलं भोक.

"माप घे," त्या म्हणाल्या.

कानाचा साचा घेण्यासाठी आत दोरा बांधलेला फोमचा तुकडा बसवतात, मग मऊ सिलिकॉन भरतात आणि ते घट्ट होईपर्यंत थांबतात. फोम नीट बसला नाही तर सिलिकॉन पडद्यापर्यंत जातं. हे काम मी शेकडो वेळा केलेलं. पण ताईंच्या कानाजवळ हात नेला आणि तो थरथरायला लागला. फोमचा तुकडा आत जाईना. ताईंचे डोळे मिटलेले. मला वाटलं होतं त्यांना कळणार नाही.

"आधी हात टेकव, बेटा," त्या हळूच म्हणाल्या.

मी करंगळी त्यांच्या गालावर टेकवली. गाल ओला होता. हात थांबला.

साचे प्रयोगशाळेत गेले, आठवड्याने त्यावरून बनवलेले, कानात बसणारे मोल्ड आले. उजव्याची कड टोचत होती. मी परत पाठवायला निघाले तर ताईंनी ते हिसकावून घेतलं, आपली जर्मनीतली कानस काढली आणि दहा मिनिटांत स्वतःच घासून नीट केलं. "हे तुमच्या विद्यापीठात शिकवत नाहीत," म्हणाल्या. महिन्याभरात पहिल्यांदा मी हसले. मशीन सुरू केलं तेव्हा ताई एकदम दचकल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. फ्रिजचा आवाज होता. "हा इतका ओरडतो?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सहन कसा करता?"

आजोबांना परत बोलावलं. या वेळी ताईंनी फोन केला. स्वतः. ऑर्ला रिसेप्शनवरून बघत राहिली. आजोबा आत बसले, शब्द म्हणू लागले, ताई बाहेर खूण करत होत्या आणि मी त्यांच्या मागे उभी राहून माझ्या कागदावर वेगळी खूण करत होते. ती वीस मिनिटं माझा जीव टांगणीला लागला होता. चार शब्दांनंतर मी त्यांच्या खुणा बघणं सोडलं. नुसतं आजोबांचं ऐकत आणि मांडत राहिले. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

एक शब्द सोडला तर सगळं जुळत होतं. त्या एकावर आमचं भांडण झालं. आजोबांनाच परत म्हणायला लावलं, आणि ताई बरोबर निघाल्या.

मग ताई आजोबांसमोर बसल्या आणि सरळ सांगितलं, मागच्या वेळी चूक माझी होती, मला तुमचे शब्द नीट ऐकू आले नव्हते, मी ते मान्य केलं नाही. मान वळवून त्यांना आपला कान दाखवला. मला वाटलं, आता ते तक्रार करतील, लिहून देतील, सगळं संपेल. आजोबांनी ते मशीन बारकाईने बघितलं, स्वतःचं चाचपलं आणि म्हणाले, "म्हणजे आपण दोघंही सारखेच. माझ्या बायकोला सांगतो, तिला फार मजा वाटेल."

वहीत त्या केसखाली ताईंनी सगळं लिहिलं. पहिला निकाल, चूक, चुकीचं कारण, दुसरा निकाल. मी म्हटलं, "कारण एवढं उघड लिहायलाच हवं का?" त्या म्हणाल्या, "तूच ना ती नाही म्हणणारी?" मग मी शेवटच्या पानावर सही केली. आधी करंगळी टेकवून.

जूनमध्ये उत्तर आलं. पूर्ण मान्यता. पत्रात त्या चुकलेल्या केसबद्दल एकच ओळ होती, नोंद प्रामाणिक आहे अशी. आमच्या मालकांनी मधली अडगळीची खोली रिकामी केली, आणि ताईंनी स्वतः हातोडी घेऊन पाटी ठोकली. चार खिळे. करंगळी दारावर.

पाच महिने ती पाटी तिथे होती. मग नवऱ्याची बदली झाली. इतर कुठे नाही, नेदरलँड्सला! मला हे सांगताना ताई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मी मात्र रडकुंडीला आले. "अहो, पुन्हा सगळं पहिल्यापासून?"

"जाते फिजिक्स शिकायला," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू? या वेळी अर्जात पहिल्याच ओळीत कानाचं लिहिलंय. मग पदव्या."

शेवटच्या दिवशी, नोव्हेंबरच्या एका सकाळी, ताई नेहमीपेक्षा लवकर आल्या. मी पाटी काढायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, तिकडे त्या पाटीवरच्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. मग मशीनं काढून डबीत ठेवली, स्वतःहून बूथमध्ये जाऊन बसल्या, हेडफोन लावला. "जाण्याआधी एकदा घे. इथला आलेख सोबत असू दे." खुर्ची त्यांनी आपणहून वळवली, पाठमोरी.

मी सूर देत गेले. खालच्या पट्टीत दिवा लागत होता. वरच्या पट्टीत गेले तसा उशिरा लागायला लागला, मग कधी लागेना. आलेख खाली उतरत गेला, खराखुरा. मी एकेक खूण करत होते.

शेवटी मी हात कळीवरून काढला. का काढला, ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

एक. दोन. तीन. चार. काचेपलीकडे ताईंचा अंगठा बटणावर होता. हलला नाही. बाहेर नदीकाठच्या धक्क्यावर कुठलीतरी लॉरी मागे येत होती, तिचा बारीक पी-पी आवाज मला येत होता, त्यांना नाही. मी थांबले. त्याही थांबल्या. मी वाट बघत राहिले, आणि माझ्या टेबलावरचा दिवा लागला नाही.